नाचणी की बाजरी? आठवीतल्या एका मुलीच्या ताटाचा हिशेब

शिरूर तालुक्यातलं गाव. मुलगी आठवीत, वय १३ पूर्ण. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं, त्यात तिचं हिमोग्लोबिन १०.१ निघालं. या वयाच्या मुलीचं ते किमान १२ असावं लागतं, आणि ११ च्या खाली गेलं की पंडुरोग मध्यम प्रकारचा धरतात. पुढे डॉक्टरांनी फेरिटिन तपासायला सांगितलं, ते ८ आलं. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. १५ च्या खाली गेलं की साठा संपला असं समजायचं. रक्त कमी कशामुळे आहे हा प्रश्न तिथेच मिटला. कमतरता लोहाची होती.

आहाराच्या सल्ल्यासाठी मायलेकी माझ्याकडे आल्या तेव्हा आईचा प्रश्न तयार होता. "ताई, आम्ही तर हिला रोज नाचणीचं सत्त्व देतो, गूळ घालून, दुधात. तरी रक्त कसं वाढंना? का बाजरीच चांगली होती?"

हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं, त्यानंतर तर जास्तच. बहुतेक वेळा मी तक्ता काढून दोन आकडे दाखवते आणि विषय संपतो. या मुलीच्या बाबतीत तसं करून चालणार नव्हतं, कारण तिच्या घरात एका धान्याच्या जागी दुसरं धान्य जाणूनबुजून आणलं गेलं होतं. ते का आणलं, आणि त्याने ताटात नेमकं काय बदललं, हे पाहिल्याशिवाय त्या तुलनेला अर्थ नव्हता.

बाजरी बंद का झाली

हा पट्टा बाजरीचा. घरची दीड-दोन एकर बाजरी, थंडीत दोन्ही वेळा भाकरी, भोगीला तीळ लावून. "न खाई भोगी तो सदा रोगी" हे तिच्या आजीच्या तोंडी असतंच. मुलगी सहावीत असताना पाळी सुरू झाली आणि पहिल्यापासून रक्तस्राव जास्त. सात-सात दिवस, पहिल्या तीन दिवसांत दिवसाला सहा-सात पॅड. आजीने निदान केलं की बाजरी उष्ण पडते. "पोरीला पाळीला लई जातंय, बाजरी बंद करा." आजीच्या बोलण्यात मायाच होती. बाजरी थंडीत खावी, उन्हाळ्यात ज्वारी खावी, हा हिशेब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि त्याला अनुभवाचा आधारही आहे. पण बाजरीने पाळीचा रक्तस्राव वाढतो याला मला कुठेही पुरावा सापडलेला नाही. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली एक-दोन वर्षं बीजनिर्मितीचं चक्र बसलेलं नसतं, म्हणून कित्येक मुलींना जास्त जातं. ते फार असेल तर थायरॉइड आणि रक्त गोठण्याची तपासणी करावी लागते. तो विषय डॉक्टरांचा, भाकरीचा नव्हे.

बाजरी गेली, तिच्या जागी गव्हाची चपाती आली. आणि "थंड असती, रक्त वाढवती" म्हणून महाडकडच्या मावशीने पाठवलेलं नाचणीचं सत्त्व आलं. म्हणजे या घरात खरी अदलाबदल बाजरी-नाचणी अशी झालीच नव्हती. बाजरीच्या दोन भाकऱ्या जाऊन चार चपात्या आणि कपभर सत्त्व आलं होतं. आईच्या मनात मात्र तुलना दोन भरडधान्यांची होती. हे लक्षात आलं आणि मी आईला घरी एक दिवस सगळं पीठ काट्यावर मोजून लिहून आणायला सांगितलं.

तक्ता काय सांगतो

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे नवे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम बाजरीत लोह ६.४ मिलिग्रॅम, नाचणीत ४.६. कॅल्शियम बाजरीत फक्त २७ मिलिग्रॅम, नाचणीत ३६४. प्रथिनं बाजरीत ११ ग्रॅम, नाचणीत ७ च्या थोडी वर. स्निग्धांश बाजरीत ५.४ ग्रॅम, नाचणीत २ ग्रॅमही नाही. तंतू दोन्हींत ११ ग्रॅमच्या आसपास. ऊर्जेत फरक थोडाच आहे, तो सोडून देऊ.

मोबाइलवर फिरणारे आकडे याच्याशी जुळत नाहीत, त्याचं एक कारण म्हणजे अनेक ठिकाणी अजून जुने तक्ते वापरतात. त्यांत बाजरीचं लोह ८ मिलिग्रॅम आणि नाचणीचं ३.९, कॅल्शियम ३४४. कुठलाही घेतला तरी दिशा एकच: लोहाला बाजरी, कॅल्शियमला नाचणी. नाचणी रक्त वाढवते ही समजूत कुठून आली याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, रंग हे मोठं कारण असावं. बीटही लोक रक्तासाठी खातात आणि १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नसतं.

नाचणीचं खरं बळ कॅल्शियमचं आहे, आणि ते मोठं आहे. तिथेही एक तुलना सरसकट चुकीची केली जाते: "नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम." १०० ग्रॅम कोरडं धान्य आणि १०० ग्रॅम दूध असं हे मोजमाप आहे, आणि दुधाचा बहुतेक भाग पाणी. ताटात आणून पाहा. एका भाकरीला साधारण ६५ ग्रॅम पीठ लागतं. नाचणीच्या एका भाकरीतून सुमारे २३५ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. २०० मिलिलिटरच्या ग्लासभर दुधातूनही जवळपास तेवढंच. म्हणजे एक भाकरी बरोबर एक ग्लास दूध. त्यातही दुधातलं कॅल्शियम शरीराला घ्यायला सोपं. तिप्पट नसली तरी भाकरीने ग्लासभर दुधाची बरोबरी करावी ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे, विशेषतः ज्या घरात दूध डेअरीला जातं आणि मुलांच्या वाट्याला चहापुरतं उरतं तिथे.

काट्यावरचा हिशेब

आईने वहीच्या पानावर लिहून आणलं होतं. पूर्वीच्या दोन भाकऱ्यांना १३० ग्रॅम बाजरीचं पीठ. आताच्या चार चपात्यांना १२० ग्रॅम कणीक. सत्त्व दोन चमचे, म्हणजे २० ग्रॅम.

बाजरीच्या दोन भाकऱ्यांतून ८.३ मिलिग्रॅम लोह यायचं. चार चपात्यांतून जवळपास ४.९ येतं आणि २० ग्रॅम सत्त्वातून, ते अख्ख्या नाचणीचं आहे असं धरलं तरी, ०.९. एकूण ५.८. त्यातल्या गुळाचा मोठा बोलबाला असतो, पण दोन छोटे चमचे, म्हणजे १० ग्रॅम गुळातून अर्धा मिलिग्रॅमही लोह येत नाही. बाजरी गेल्याने रोजचं सुमारे अडीच मिलिग्रॅम लोह कमी झालं. डाळ, भात, भाजी, शेंगदाणे धरून तिचं दिवसाचं एकूण लोह १२ मिलिग्रॅमच्या आसपास भरलं. १३ ते १५ वर्षांच्या मुलींसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस ३० मिलिग्रॅमची आहे.

आता ते सत्त्व. मावशीची पद्धत आईने सविस्तर सांगितली. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत सुकवायची, हलकी भाजायची, दळायची. इथपर्यंत उत्तम. मोड येताना धान्यातलं फायटेट, म्हणजे लोह-जस्त धरून ठेवणारं द्रव्य, मोडतं आणि लोह-जस्त शोषायला मोकळं होतं. नाचणीतलं टॅनिन, तेही लोह अडवणारंच, घटतं. पण पुढे ते पीठ वस्त्रगाळ करायचं. गुलाबीसर, मऊ, दुधात गुठळी न होणारं पीठ खाली पडतं आणि फडक्यात जाडसर तपकिरी कोंडा उरतो. "त्यो कोंबड्यांना टाकती मावशी," आई म्हणाली. नाचणीच्या दाण्यात कॅल्शियम सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. दाण्याचं टरफल फार चिवटपणे चिकटलेलं असतं आणि खनिजांचा व तंतूंचा मोठा वाटा तिथेच असतो. ज्यासाठी नाचणी खायची त्यातलं बरंचसं फडक्यात मागे राहत होतं. सहा-आठ महिन्यांच्या बाळाच्या पेजेसाठी गाळणं समजू शकते, त्याच्या पोटाला एवढा कोंडा झेपत नाही. तेरा वर्षांच्या, दिवसभर शाळा आणि खो-खो खेळणाऱ्या मुलीसाठी गाळायचं काही कारण नाही. गाळल्याने लोह अडवणारी टॅनिनंही थोडी निघून जातात हे खरं, पण एवढ्याने तो व्यवहार फायद्याचा ठरत नाही.

शिवाय सत्त्व दुधात. दुधातलं कॅल्शियम त्याच वेळी पोटात असलेल्या लोहाच्या शोषणाला आड येतं. दूध वाईट नाही, मुलीला ते हवंच आहे. पण लोहासाठी म्हणून जे दिलं जात होतं ते लोहाला सगळ्यात गैरसोयीच्या रूपात दिलं जात होतं.

खरी गळती कुठे होती

इथपर्यंत वाचून वाटेल की निकाल लागला: बाजरी परत आणा. मलाही सुरुवातीला कल तिकडेच दिसला. पण अडीच मिलिग्रॅमचा फरक शरीरापर्यंत किती पोचतो हे मोजलं आणि चित्र पालटलं.

धान्य-डाळींतलं लोह शरीर फार थोडं घेतं. ७ टक्के धरलं तर रोजच्या अडीच मिलिग्रॅममधून आत जातं जेमतेम ०.१७ मिलिग्रॅम, महिन्याचं साधारण ५. दुसऱ्या बाजूला पाळीचा हिशेब. ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं की ती अतिरक्तस्रावाची पाळी मानतात, आणि एवढ्या रक्ताबरोबर ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. बाजरीने महिन्याला वाचवले असते ५, जात होते ३०. त्यात तिची उंची वाढतेय, वाढत्या शरीराची लोहाची मागणी निराळी. एकट्या बाजरीच्या बंद होण्याने ही मुलगी इथवर आली असं म्हणणं म्हणजे त्या आजीवर अन्याय झाला असता.

मग मी विचारलं की जेवणाबरोबर काय पितेस. मुलगी पहिल्यांदा आपणहून बोलली: "चहा. सकाळी चपाती चहात बुडवून खाते. संध्याकाळी शाळेतून आल्यावर चहा-चपाती." रात्रीच्या जेवणानंतरही आजोबांसोबत अर्धा कप. म्हणजे चारपैकी निदान तीन चपात्या चहाबरोबरच पोटात जात होत्या.

जेवणासोबतचा एक कप चहा वनस्पतीजन्य लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. उलट त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढतं. ढोबळ हिशेब करू. १२ मिलिग्रॅम लोहातलं ५ टक्के आत गेलं तर रोज ०.६, महिन्याला १८ मिलिग्रॅम. तेच १० टक्के गेलं तर महिन्याला ३६. ताटातलं एकही धान्य न बदलता १८ मिलिग्रॅमचा फरक. धान्य बदलून मिळत होते ५. बाजरी की नाचणी या वादात आमची पहिली वीस मिनिटं गेली होती आणि त्याच्या तिपटीहून मोठी गोष्ट चहाच्या कपात होती.

म्हणून मी धान्यांच्या तुलनेला दुय्यम मानते, निरर्थक नाही. बाजरीवर महाराष्ट्रातच झालेलं एक चांगलं काम इथे सांगायला हवं. इक्रिसॅट ही हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून २०१२ मध्ये 'धनशक्ती' हा जास्त लोहाचा बाजरीचा वाण राज्यात आला. जास्त लोहाच्या बाजरीची चाचणी राज्यातल्या १२ ते १६ वयाच्या शाळकरी मुलामुलींवर घेतली गेली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोह असलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, दुसऱ्या गटाला साध्या बाजरीच्या. ज्यांच्यात आधीच लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्या मुलांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होती. साध्या बाजरीचं लोह त्या चाचणीत किलोला २१ ते ५२ मिलिग्रॅम एवढं खालीवर होतं. म्हणजे तक्त्यातला ६.४ हा सरासरीचा आकडा आहे. तुमच्या कणगीतल्या बाजरीत त्याच्या निम्मंही असू शकतं. वाण कोणता पेरला यावर ते ठरतं. नाचणी आणि बाजरी यांच्यातल्या फरकापेक्षा बाजरी आणि बाजरीतला फरक मोठा असू शकतो, ही गोष्ट बियाणं घेताना शेतकऱ्याच्या घरात बोलली जायला हवी. या मुलीच्या वडिलांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही उतारा बघतो आन्‌ कणीस किती भरतं ते बघतो, लोखंड कोण बघतंय." पण वाणाचं नाव त्यांनी लिहून घेतलं.

काय ठरलं

सगळ्यात आधी गोळ्या. फेरिटिन ८ असताना भाकरीच्या भरवशावर बसणं मला मान्य नाही. रिकामा साठा जेवणातून भरायला फार वेळ लागतो आणि तोवर प्रत्येक पाळी तो पुन्हा उपसते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी तिने मळमळतं म्हणून टाकून दिली होती. डॉक्टरांनी आता उपचाराच्या मात्रेत रोजच्या गोळ्या तीन महिन्यांसाठी दिल्या. जेवणानंतर, पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायच्या, दूध-चहा दोन्ही लांब. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही, हे आधीच सांगितलं. या एका गोष्टीला घाबरून गोळ्या बंद करणाऱ्या मुली मी कितीतरी पाहिल्या आहेत. जंताची गोळी झाली. पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

ताटात बाजरी परतली, पण आजीला विचारून. मी आजीला बाजरी उष्ण नाही असं सांगायला गेले नाही, तो वाद जिंकण्यात मुलीचा काही फायदा नव्हता. मी म्हटलं, "आजी, थंडीचे चार महिने तर तुम्हीही देताच ना? तेवढे देऊ." आजी म्हणाल्या, "ताकासंगं दिली तर बाधत न्हाई." मी लिंबाची फोड आणि हिरवी मिरची-कोथिंबिरीचा ठेचा सुचवला, म्हणजे ताक बाजरीच्या घासाबरोबर न येता शेवटी येईल. दही-ताकातही कॅल्शियम असतंच, पण एवढी तडजोड चालते. आजीचं ऐकलं गेलं हे जास्त मोलाचं.

बाजरीची एक खरी अडचण आईने काढली, पीठ कडू होतं. धान्यातला स्निग्धांश जास्त असल्याने दळलेली बाजरी लवकर खवट होते, आठवडाभरात चव बदलते. शहरातल्या कित्येक घरांतून बाजरी याच कारणाने गेली. त्यावर उपाय एकच, थोडं थोडं दळायचं. गिरणी गावातच असल्याने ते जमण्यासारखं होतं.

नाचणीही राहिली, फक्त तिचं काम बदललं. लोहासाठी नव्हे, हाडांसाठी. तिला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं आणि या वयात हाडांची भरणी जोरात चालू असते. मोड आणून दळलेलं, न गाळलेलं पीठ, आठवड्यात तीन-चार वेळा भाकरी किंवा घट्ट आंबील. दोन भाकऱ्या खाल्ल्या तर ४७० मिलिग्रॅमच्या पुढे. दोन चमच्यांच्या सत्त्वातून ७३ यायचे, तेही कोंड्यासकट धरले तर.

चहा पूर्ण बंद करायला मी सांगितलं नाही. जेवणापासून तास-दीड तास लांब, एवढंच. संध्याकाळी चहा-चपातीऐवजी चपाती-उसळ आणि हंगामात एक पेरू. १०० ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या वर असतं आणि यांच्या बांधावरच झाड आहे.

तीन महिन्यांनी

हिमोग्लोबिन १२.३. यातलं श्रेय गोळ्यांचं, दुसऱ्या क्रमांकावर पाळीवरच्या उपचाराचं. स्राव आता पाच दिवसांवर आला आहे. बाजरीने किती दिलं आणि चहा लांब ठेवल्याने किती मिळालं हे या एका मुलीवरून वेगळं काढता येणार नाही. ताटाची परीक्षा पुढे आहे, गोळ्या थांबल्यानंतर. त्यासाठी डॉक्टरांनी साठा भरण्यापुरत्या गोळ्या आणखी काही काळ चालू ठेवल्या आहेत आणि मग फेरिटिन पुन्हा तपासायचं आहे.

घरात काय टिकलं तेही विचारलं. सकाळचा चहा चपातीबरोबर पुन्हा सुरू झाला आहे, शाळेची घाई असते. संध्याकाळचा मात्र सुटला. त्यावर तोडगा म्हणून सकाळची चपाती आधी चटणीबरोबर खाऊन चहा दहाच्या सुट्टीत घ्यायचा विचार झाला, पण शाळेत चहा कुठला. शेवटी ठरलं की लोहाचं मुख्य जेवण दुपारी आणि रात्री धरायचं, सकाळचा घास सोडून द्यायचा. रात्रीची भाकरी बाजरीची, सोबत शेवग्याच्या पाल्याची किंवा मेथीची भाजी आणि लिंबू. आजोबांचा अर्धा कप चहा आता ते एकटेच घेतात.

मावशीला महाडला फोन गेला आहे की पुढच्या वेळी नाचणी नुसती मोड आणून सुकवून पाठव, दळू आम्ही. येत्या खरिपासाठी वडील तालुक्याच्या कृषी कार्यालयात जास्त लोहाच्या वाणाचं बियाणं विचारून आले आहेत.